रविवारचं धुणं

स्टॉकहोममधल्या त्या इमारतीत कपडे धुवायची मशीन तळघरात, सगळ्यांना मिळून एकच. वार इमारतीच्या साइटवर बुक करायचा. पण प्रत्येक क्लिकला डेटाबेसशी नवं कनेक्शन जोडायला लागायचं, म्हणून साइट रखडायची. साइट सांभाळणाऱ्या, तिसऱ्या मजल्यावरच्या स्टाफानने थोडी कनेक्शन्स कायमची जोडून ठेवली, सगळ्यांनी आळीपाळीने वापरायला. साइट पळायला लागली! पठ्ठ्याने त्यातलं एक मात्र गुपचूप स्वतःपुरतं राखलं. बुकिंग उघडलं की बाकीचे रांगेत आणि हा थेट आत. दर रविवार याच्याच खिशात!

"काय गुनवोर आजी, रविवार परत हुकला? बोटं चालवा की जरा!" जिन्यात त्याने तळमजल्यावरच्या आजीला चिडवलं.

"तुझी साइट झकास आहे रे. माझीच बोटं म्हातारी झालीत," म्हणत आजीने त्याच्या हातावर गरम दालचिनी पाव ठेवला. स्टाफानने नजर चोरली.

"खा. लेकासाठी केलेत, सवयीने."

 

आजीच पुढे म्हणाली, "दर रविवारी धुणं घेऊन यायचा. मशीन मिळत नाही म्हटल्यावर त्याचं येणंच थांबलंय."