काचेआडची साखर

औषध कंपनीशी झालेला सौदा नलिनीच्या फायद्याचाच होता: टेकडीवरचा बंगला, आयतं जेवण आणि धाकट्या बहिणीला, बकुळला, फुकट औषध. बदल्यात कोणाला भेटायचं नाही, एवढंच. बकुळच्या सांध्यांना लागणारी प्रतिपिंडं नलिनीच्याच रक्तात तयार होत; त्यांचंच कंपनी औषध बनवी. त्या प्रतिपिंडांना चिकटलेल्या साखरेच्या रेणूंची ठेवण नीट असेल तरच औषध लागू पडे, आणि कोणाची साधी सर्दी लागली तरी ती ठेवण बिघडे.

रविवारी बकुळ आपल्या पायांनी टेकडी चढून आली. सुरळीच्या वड्यांचा डबा काचेच्या दाराला टेकवून म्हणाली, "उघड की गं! एका भेटीनं काय बिघडतंय?"

"तुझे गुडघे. वड्या तूच खा."

"मेली लहानपणापासून अशीच हिशेबी!" बकुळ हसली आणि डबा घेऊन उतरू लागली. ती वळणाआड जाईपर्यंत नलिनी काचेला हात लावून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या प्रयोगशाळेतून, तिचं रक्त तपासणाऱ्या तन्वीचा फोन आला. "ताई, साखर बिघडलीय. कोणाला आत घेतलंत?"

"कोणालाच नाही गं."

"मग त्यानंच," तन्वी हळूच म्हणाली. "माणूस फार एकटं पडलं तरी ती बिघडते."

कंपनीनं करार मोडला, बकुळचं औषधही थांबलं. नलिनी कोणालाही भेटायला मोकळी झाली, आणि न उघडलेल्या दाराची किंमत बकुळच्या गुडघ्यांनी भरली.