रेंजचा दगड

"ताई, फोन जवळच ठेवा. फाट्यावर पोचलो की विचारतो, पुढं रस्ता कुठला."

ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर एवढं बोलला आणि पाड्याची आशा सेविका सेवंती रेंजच्या दगडावर अडकून पडली. अख्ख्या पाड्यात फोन लागायचा, तो टेकडीवरच्या या एकाच दगडावर. खाली झोपडीत दमणीला कळा येत होत्या आणि तिच्याजवळ फक्त म्हातारी सासू होती. बाकी सगळा पाडा ऊसतोडीला गेलेला.

मागच्या वर्षी इथेच उभं राहून सेवंतीने सरकारी ॲपवर पाड्याची माहिती भरली होती. दुसरीकडून ती जातच नव्हती. ‘तुमच्याकडे नेटवर्क आहे का?’ असा शेवटचा प्रश्न होता. फोनवर दोन दांड्या दिसत होत्या, म्हणून तिने प्रामाणिकपणे ‘हो’ दाबलं. पाड्याला मिळणारा टॉवर त्या ‘हो’पायी रद्द झाला.

"सेवंते, डोकं दिसाया लागलं," खालून सासूची हाक आली. "ये बाई लवकर."

सेवंतीने हातातल्या फोनकडे पाहिलं. मग तो दगडावर ठेवला आणि ती उतारावरून धावत सुटली.

निम्म्या वाटेवर असताना तिला मागे रिंग ऐकू आली.