बेटावरचा एकटा साहेब

शेफाली, नुसतं ऐक हं. येरवड्याच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत शेवटचा इंटरव्ह्यू होता. साहेबांनी आवडतं पुस्तक विचारलं. मी बेटावर स्वतःला एकटा समजणाऱ्या गोऱ्या मळेवाल्याची ती जुनी कादंबरी सांगितली. साहेब एकदम खूश. “मीपण केनियात चार वर्षं ऑनसाइट होतो. अगदी त्याच्यासारखा एकटा.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “तो एकटा कुठे होता सर? बेट त्याच्या मळ्यात राबणाऱ्या माणसांनी भरलेलं होतं. तो त्यांना माणसांत धरत नव्हता, आणि लेखकाला ते माहीत होतं. म्हणून तर कादंबरी भारी आहे.”

मला वाटलं, गेली नोकरी. साहेबांनी माझा बायोडेटा बाजूला ठेवला. मग म्हणाले, “केनियात माझ्याकडे स्वयंपाकाला एक बाई यायच्या. त्यांचं नाव आठवत नाहीये.” आणि बायोडेटा परत जवळ ओढत, “सोमवारपासून या.”

तू असतीस तर बोलली असतीस का गं, त्यांच्या तोंडावर?