अकरा पूर्णांक चार

“अकरा म्हंजे लय होते का?” गोपिकाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

वासुदेवराव हातातल्या कागदाकडे बघत राहिले. कागदावर त्यांचं नाव होतं. वय अडुसष्ट, गाव हिंगणी. खाली एकच आकडा, ठळक छापलेला. अकरा पूर्णांक चार.

“होते,” ते म्हणाले.

सात वर्षांपूर्वी त्यांची प्रोस्टेटची गाठ ऑपरेशन करून काढली होती. कॅन्सरची होती. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं आणि दरवेळी आकडा शून्याला चिकटलेला. रिपोर्ट आला की गोपिकाबाई तो देवापुढे ठेवायच्या आणि घरात सगळ्यांच्या हातावर गूळ द्यायच्या. आज गुळाची वाटी काढलेली तशीच ओट्यावर राहिली. तिला मुंग्या लागल्या.

रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतचे तीन दिवस वासुदेवरावांना घास जात नसे. मास्तरकी केलेला माणूस, पण पुस्तकाचं एक पान पुढे सरकायचं नाही. या खेपेला मात्र ते वेळच्या वेळी जेवले होते, शांत झोपलेही होते. तेच आता त्यांना खात होतं.

धाकटा भाऊ ताराचंद वांग्याच्या वाडीतून तसाच धावत आला. पायाला चिखल, डोक्याला दुपट्टा.

“दादा, काई चिंता करू नको. मांगं हाकलला ना त्याले? आताही हाकलू.”

“तारा, बस जरा.”

“बसतो ना. पन तू असं तोंड नको करू. मी हाओ ना.”

तो होताच. नागपूरच्या दवाखान्यात एकवीस दिवस तो भावाच्या खाटेखाली चटई टाकून झोपला होता. लघवीची थैली हातात धरून भावाला व्हरांड्यातून चालवायचा आणि नर्सबाईंना म्हणायचा, “साहेबलोक बॅग घेऊन हिंडते, आमची बी बॅग पाहा.” नर्सबाई हसायच्या. वासुदेवराव लाजेनं खाली बघायचे.

“वर्ध्याले उद्याच जाऊ,” ताराचंद म्हणाला.

“पाहू,” वासुदेवराव म्हणाले.

त्या ‘पाहू’त नऊ दिवस गेले. कधी सेलूचा बाजार आडवा आला, कधी डोकं दुखलं. रोज सकाळी ते ठरवायचे, आज बोलायचं. ताराचंद भाजीचे कट्टे बांधताना दिसला की मागच्या मागे घरात वळायचे.

“काऊन टाळून राह्यले तुमी?” शेवटी गोपिकाबाई भडकल्या. “एकेक दिवस मोलाचा हाय म्हन्ते लोक. पोथ्या वाचून एवढंही समजत नाई का?”

“समजते,” ते म्हणाले. बायकोच्या डोळ्याला डोळा देणं त्यांना जमलं नाही.

दहाव्या दिवशी दोघं भाऊ बसमध्ये बसले. ताराचंदनं भावाला खिडकी दिली, मांडीवर डब्याची पिशवी घेतली.

“तुया रिपोर्ट तीन दिवसात आला. माया शुगरचा तं अजून आलाच नाई, दादा. त्याच दिवशी तुया म्हनन्यावरून नेलं होतं ना लॅबवाल्यानं घरून माया बी रक्त?”

“येईल.”

“माया मते गोड लागलं असन. त्यानंच चहात टाकलं.” तो स्वतःच हसला. पुढच्या सीटवरची बाईही हसली.

वासुदेवरावांनी विचारलं, “तारा, तुले काई त्रास नाई ना?”

“मले काय धाड भरली? तू आपलं पाह्य.”

सेलूला बस थांबली, तसा तो घाईनं उतरून आडोशाला गेला. निघतानाही स्टँडवर जाऊन आला होता. कंडक्टरनं घंटी वाजवली, तेव्हा कुठे धापा टाकत परतला.

“म्हातारा झालो बाप्पा,” तो म्हणाला.

“तारा, मले तुले एक सांगाचं हाय.”

“काई नको सांगू. घाबरला तू, मले समजते. पयलेपासूनच भित्रा तू. लहानपनी सुई टोचाले डॉक्टर आला, का मले पुढं करे अन् आपन कोठ्यात लपे. पन आता मी हाओ ना संग.”

वासुदेवरावांनी मान खिडकीकडे वळवली. वर्धा येईपर्यंत ती तशीच राहिली.

डॉक्टरांनी जुने रिपोर्ट ओळीनं मांडले. नवा त्यांच्याशेजारी ठेवला. चष्मा काढून पुन्हा लावला.

“गाठ काढल्यावर हा आकडा शून्याजवळच राहायला हवा. सहा महिन्यांपूर्वी होताच. आता एकदम अकरा? आजार परतला तरी इतकी उडी सहसा दिसत नाही.”

“साहेब, वेळ तं नाई गेली ना?” ताराचंदनं हात जोडले. “काई करा, पन माया भावाले वाचवा.”

“आधी पुन्हा रक्त घेऊ. मग स्कॅन. कॅन्सर असेल, तर आता एक दिवसही वाया घालवायचा नाही.”

नर्सबाईंनी वासुदेवरावांना खुर्चीवर बसवलं. रबरी पट्टा काढला. आता नुसता हात पुढे करायचा होता. एक शब्द बोलायची गरज नव्हती. दोन दिवसांनी घरी पुन्हा गूळ वाटला गेला असता.

“भिऊ नको दादा,” ताराचंद जवळ आला. “माया हात धर.”

वासुदेवरावांनी त्याचा हात धरला. खुर्चीतून उठले, भावाला त्या खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर सारली.

“सिस्टर, याचं घ्या,” ते म्हणाले. “मागच्या खेपेलाही माझ्या नावावर याचंच घेतलं होतं.”