नाकाची साखळी

"होडी किती वजनाची?" दुकानदाराने विचारलं.

"साडेतीनशे किलो," मेकॅनिक म्हणाला.

"नुसती, की इंजिनासकट?"

मेकॅनिक घुटमळला. मागे काठी टेकून उभे असलेले त्याचे बाबा म्हणाले, "नुसती. इंजिन पंच्याऐंशी, भरलेली टाकी पन्नास, वर नांगर, दोर, सटरफटर. सव्वापाचशे धरा."

"मग साडेसातशे पेलणारा घ्या. अगदी काठावरचा नको."

दुकानदाराने दोन ट्रेलर दाखवले. एकावर रबरी रोलर होते, दुसऱ्यावर गालिचा ठोकलेल्या दोन लांब फळ्या.

"बाबांच्या पायाकडे बघता रोलरचाच घ्या. होडी एका बोटाने सरकते."

"सरकणारा नकोच," मेकॅनिक इतक्या झटकन म्हणाला की दुकानदार चपापला. "फळ्यांचा द्या."

मग त्याने जोड न् जोड चाचपला. चाकं फिरवून कान लावला. होडी दोराने वर ओढून घेणाऱ्या पुढच्या विंचची मूठ दहादा फिरवून तिचा अडसर नीट बसतो का ते पाहिलं.

"इतकी चौकशी लोक जावई शोधताना करत नाहीत हो," दुकानदार हसला.

बाबा हसले नाहीत. "कशाला हा घाट घालतोस?" ते हळूच म्हणाले. "विकून टाकू ती होडी."

"तुम्हाला पाण्यावर नेणार म्हणजे नेणार," मेकॅनिक म्हणाला.

तीन वर्षांत बाबा पाण्यावर गेले नव्हते. शेवटचे निघाले त्या सकाळी होडी धक्क्याच्या उतारावर, पाणी अजून दहा हात लांब असताना, जुन्या ट्रेलरवरून मागे घसरली आणि बाबांचा पाय तिच्याखाली सापडला. विंचचा अडसर झिजला होता हे दोघांनाही ठाऊक होतं. होडीला धरून ठेवायची ती नाकाच्या कडीत अडकवलेली साखळी, आणि ती अडकवायचं काम मेकॅनिकचं.

त्याने ती अडकवली होती का? हजारदा आठवूनही त्याला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात रुजू होणार होता. हात होडीवर आणि मन जहाजावर, अशी त्याची गत होती.

बाबांना गाडीत घालून लोक दवाखान्याकडे निघाले, तेव्हा त्याने साखळी पाहिली. अख्खी. कुठे ओरखडासुद्धा नाही. आकडा मोकळा लोंबत होता. त्याने ती ट्रेलरवरून सोडवली आणि पाण्यात फेकून दिली.

गंजकी साखळी होती, तुटली असणार, असं लोक म्हणाले. त्याने मान डोलावली. जहाज गेलं. तो राहिला. गल्लीच्या तोंडाशी शेड घेऊन लोकांची इंजिनं दुरुस्त करू लागला. सकाळी बाबांच्या पायाला तेल लावायचं, संध्याकाळी त्यांना कोपऱ्यापर्यंत चालवायचं. शेजारीपाजारी म्हणत, मुलगा असावा तर असा. ते ऐकलं की तो मान खाली घालून शेडकडे वळे.

ट्रेलर दुपारी अंगणात आला. होडी त्यावर घेतल्यावर बाबा उलट्या बादलीवर बसून सांगू लागले. विंचचा खांब बोटभर पुढे घे. नाक रबरावर घट्ट टेकलं पाहिजे. मागची कड फळीच्या बाहेर लोंबकळता कामा नये, इंजिनाचा भार तिथेच असतो. मेकॅनिकने बोल्ट सैल केले, सरकवले, पुन्हा आवळले. गाडीला जोडायचं टोक उचलून पाहिलं, तर ते पिसासारखं वर आलं.

"मागे जड झालाय. रस्त्यावर शेपूट हलवेल," बाबा म्हणाले. "चाकांचा आस थोडा मागे घे."

तासाभराच्या खटपटीनंतर टोक जेवढं जड हवं तेवढं झालं. मेकॅनिकने पट्टा ताणला. मग नवी साखळी नाकाच्या कडीत अडकवली आणि शेजारी दुसरीही.

"दोन कशाला?" बाबांनी विचारलं. ते होडीकडे बघत नव्हते.

"असू दे."

"जहाजवाले अजून बोलावतात का रे तुला?"

"आता कोण बोलावतंय. वय गेलं."

बाबा काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

मेकॅनिकने पाना खाली ठेवला. उद्या हा माणूस आपल्यावर विसंबून त्याच उतारावर येणार, आणि आपण अजून तोंडात गुळणी धरून बसलोय. त्याला ते सहन होईना.

"बाबा, साखळी तुटली नव्हती."

बाबांचा अंगठा मुठीवर थांबला.

"अख्खी होती ती. मीच पाण्यात टाकली, कुणाला कळू नये म्हणून. मी ती अडकवलीच नव्हती, बाबा. तुमचा पाय माझ्यामुळे गेला. तीन वर्षं तुम्ही मला आशीर्वाद देताय, आणि मी..." तो चाकाशेजारी मातीतच बसला.

मग बाबा बादलीवरून उठले, काठी टेकत त्याच्याजवळ आले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. हात मध्येच थांबला.

"तू अडकवली होतीस," ते म्हणाले.

मेकॅनिकने वर पाहिलं.

"तू गाडी चालू करायला गेलास, तेव्हा मी सोडली. मी बाजूलाच उभा होतो रे, होडी तिरकी येईल असं वाटलं नव्हतं. होडी मोडली तर दुरुस्तीला म्हणून तू चार दिवस थांबशील, जहाज चुकेल, एवढंच मनात होतं."