चिमूटभर खाद्य

सुनेनं घमेलं उचललं आणि तळ्यातलं पाणी उकळी फुटल्यासारखं वर आलं. मासे काल सकाळपासून उपाशी होते. काठावर मासे विकत घेणारा व्यापारी उभा होता, एक पाय चिखलात आणि एक डोळा घड्याळावर. त्याच्या दोन पावलं मागे सासरे, हाताची घडी घालून, तोंड कडू करून.

“अळ्यांचं खाद्य मासे आवडीनं खातात का, एवढंच मला बघायचंय,” व्यापारी म्हणाला. “खाल्लं, तर वर्षभराची मासळी मी उचलतो. नाहीतर तुम्ही मोकळे, मी मोकळा.”

घरात ठरलंच होतं. व्यापारी नाही म्हणाला की अळ्यांची शेड बंद, आणि पुन्हा सुक्या मासळीची पूड. तीन महिने तिनं त्या शेडमध्ये जीव ओतला होता. बाजारातला टाकाऊ भाजीपाला आणायचा, त्यावर माश्यांच्या अळ्या पोसायच्या, दोन दिवस उन्हात वाळवायच्या, दळायच्या. सासरे येता-जाता टोमणा मारत. “माशांना माश्यांची पोरं! उद्या आम्हाला मुंग्या वाढाल.”

या सासऱ्यांनी चाळीस वर्षं तळी सांभाळली होती आणि त्यांचा नियम एकच होता. पाण्यात टाकण्याआधी चिमूटभर खाद्य स्वतःच्या जिभेवर ठेवायचं. आपल्या जिभेला जे चालत नाही, ते मुक्या जिवाला घालायचं नाही. पण अळ्यांचं पहिलं पोतं उघडलं, तेव्हा ते स्वतःच दोन हात मागे सरले. “ही घाण मी तोंडाला लावणार नाही. ज्याला हौस, त्यानं चाखावं.”

“मी चाखते,” सून ताठ मानेनं म्हणाली होती. बोलायला काय जातं? चिमूट ओठांपर्यंत गेली आणि तिला मळमळून आलं. तिनं नुसतंच तोंड हलवलं, बोटं ओढणीला पुसली. तेव्हापासून रोज सकाळी हेच नाटक. मासे तर चांगले धष्टपुष्ट होत होते, मग जिभेला त्रास कशाला? सासरे मात्र रोज तिच्याआधी शेडमध्ये चक्कर मारत आणि नाक मुरडत बाहेर येत. चुका शोधत असणार, दुसरं काय! आज व्यापाऱ्यानं त्यांना फाटकातच गाठलं, म्हणून ती चक्कर हुकली होती. बरंच झालं, असं तिला वाटलं. व्यापाऱ्याला ताजा माल दाखवायला तिनं घाईघाईनं नवं पोतं फोडलं होतं.

आताही तिनं चिमूट ओठांपाशी नेली, तोंड हलवलं आणि व्यापाऱ्याकडे बघून हसली. मग पहिली मूठ भरली.

तेवढ्यात सासरे पुढे आले. त्यांनी घमेल्यात बोटं घातली, जिभेवर टेकवली आणि पचकन थुंकले. पुढच्या क्षणी सुनेचं मनगट त्यांच्या पकडीत होतं. घमेलं धाडकन खाली पडलं.

“एक दाणा पाण्यात जायला नको!”

“तुम्हाला हेच हवं होतं ना, बाबा?” तिचा आवाज फाटला. “माझं वाटोळं करायला आजचाच दिवस सापडला?”

सासऱ्यांनी सांडलेल्या खाद्यातला एक गोळा उचलला आणि तिच्यासमोर फोडला. आत हिरवट बुरशी होती. सुनेचा चेहरा उतरला. व्यापारी येणार म्हणून तिनं या खेपेच्या अळ्या एकच दिवस वाळवल्या होत्या. हे खाऊन निम्मं तळं उताणं झालं असतं, आणि तेही तिच्या हातून.

“म्हणजे संपलं का?” व्यापाऱ्यानं चिखलातला पाय उपसला.

“संपलं कशानं?” सासरे म्हणाले. “अळ्यांचंच कालचं पोतं आहे. अर्धं उरलंय. सोन्यासारखं आहे. ते आणतो, मग बघा मासे कसे तुटून पडतात.”

व्यापाऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि उलट्या टोपलीवर बसला. “आणा.”

सून सासऱ्यांच्या मागोमाग शेडकडे धावली. “बाबा, ते चांगलं आहे हे तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर अळ्या कधी तोंडालाही…”

सासऱ्यांनी मागे वळून व्यापारी लांब असल्याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

“तुझी बोटं पहिल्या दिवसापासून ओठांपाशीच थांबतात, सूनबाई. मग रोज कुणीतरी चाखायला नको?”