घंटेचा नेम

"दुर्गा, एखादे वेळी स्वयंपाक राहिला तरी चालेल, पण ह्यांच्या कानावर सकाळची घंटा पडलीच पाहिजे. काहीही झालं तरी. हे आहेत तोवर चुकवू नकोस."

पाय मोडलेल्या शालिनीबाईंना अँब्युलन्समध्ये ठेवत होते, तेव्हा कळा सोसत त्यांनी सुनेला एवढंच बजावलं होतं. दुर्गा "हो" म्हणाली होती.

आजही अंघोळ करून ती देवघराच्या दारातच उभी राहिली. घंटा वाजवली, मनातल्या मनात क्षमा मागितली आणि चहा घेऊन सासऱ्यांच्या खोलीत आली.

जगदेवराव उशांना टेकून बसले होते. पोटातलं दुखणं आता हाडांत उतरलं होतं. डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवताना सांगितलं होतं, "दुखू देऊ नका आणि मनाला धक्का लागू देऊ नका. शांतपणे जाऊ द्या." निजामपुऱ्यातलं ते घर सध्या 'शांतपणे' ह्या एका शब्दावर चालत होतं.

"काय म्हणते तुझी सासू?" त्यांनी विचारलं.

"काल पेज घेतली थोडी."

"तिनं? पेज? मग नर्सला आधी ती करायला शिकवली असेल."

दुर्गा हसली. बशी त्यांच्या ओठांशी धरली. एक घोट घ्यायलाही त्यांना दमायला होत होतं.

"घरी कधी सोडतायत?"

"पुढच्या आठवड्यात, बहुतेक. तुम्ही फक्त तब्येत सांभाळा, बाबा."

"तिला म्हणावं, आता फार दिवस वेगळं राहायचं नाही आपण."

दुर्गाने बशी पुसायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

मागच्या दारी शेजारच्या लताबेन आल्या होत्या. "कंई कामकाज होय तो कहेजो, दुर्गाबेन," काही लागलं तर सांगा, एवढंच हळू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत परतल्या.

दुपारी तिने मऊ भात कालवून आणला. जगदेवरावांनी दुसऱ्याच घासाला तोंड वाकडं केलं.

"वरणाला फोडणी नाही?"

"तेल बंद केलंय ना डॉक्टरांनी."

"मरणाऱ्याला कसलं आलंय पथ्य? आणि आमचे चिरंजीव उन्मेष कुठे आहेत? आवाज नाही त्यांचा."

"करजणला. तो परदेशी कंपनीचा कारखाना निघालाय ना, तिथेच मुक्काम आहे. यंत्रं बसवायचं काम चाललंय."

"बापापेक्षा यंत्रं बरी. कुरकुर तरी करत नाहीत."

"येतील हो. रोज चौकशी करतात तुमची."

त्यांनी आणखी दोन घास घेतले, तिच्यासाठी घ्यावेत तसे. मग तिचा हात धरला. त्यांच्या बोटांत आता जोर राहिला नव्हता.

"किती वाळलीस गं. जेवतेस का वेळेवर?"

"जेवते, बाबा."

"सगळं एकटीने ओढतेस. मला त्रास होऊ नये म्हणून." त्यांना धाप लागली. ती पाठ चोळत राहिली. "एक मागतो. देशील?"

"मागा ना."

"आधी कबूल कर. मग रडायचं नाही, कारणं सांगायची नाहीत."

"कबूल."

त्यांनी डोळे मिटले. आवाज अगदी साधा होता, भाजी सांगावी तसा.

"मार्केटात जाऊन काळे तीळ आण. मागच्या खोलीतल्या उन्मेषला म्हणावं, आईसाठी केस उतरवलेलं डोकं बापापासून लपवू नये, इकडे येऊन बस. घाटापर्यंत यायला मला जमायचं नाही, तेव्हा शालिनीला मी इथूनच, अंथरुणावरून पाणी देतो."

दुर्गाने त्यांचं पांघरूण सारखं केलं. मागच्या खोलीचं दार सताड उघडलं, पिशवी घेतली आणि ती चपला घालून खंडेराव मार्केटच्या वाटेला लागली.